सदतीस नंबरची गाडी

सकाळी अकराच्या सुमाराला, टेबलावरचा चहा निवायच्या आत, त्याला स्वतःचंच एक वाक्य भेटलं. तेहतीस वर्षांनी. वाचनालयातून आलेल्या लिफाफ्यात एका जुन्या मोटार-क्लबाच्या त्रैमासिकाची झेरॉक्स होती आणि तिच्यावरच्या धूसर फोटोखाली छापलं होतं, 'घाटाच्या शेवटच्या वळणावर सदतीस नंबरची गाडी. ही शर्यतीत चौथी आली.' आधी त्यानं ते नेहमीच्या सवयीनं, म्हणजे संशयानं वाचलं. वाक्य त्याला आवडलं. ठाम, आटोपशीर, कुठं पाल्हाळ नाही. लिहिणाऱ्याला आपला विषय माहीत आहे, असं तो मनात म्हणालासुद्धा. मग नजर पानाच्या तळाशी गेली. तिथं 'कातडी आसनांची निगा' हे सदर होतं, 'एक जुना चालक' या नावानं लिहिलेलं, आणि हा जुना चालक कोण हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं. जुना चालक तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, त्याच्याकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता, आणि कातडी आसनावर तो उभ्या जन्मात बसला होता तो न्हाव्याच्या दुकानात. त्या क्लबात लिहिणारा माणूस एकच होता. संपादकीय त्याचं, वाचकांची पत्रं त्याची, त्या पत्रांना दिलेली खरमरीत उत्तरं त्याची, आणि अर्थात फोटोखालच्या ओळीही त्याच्याच. चहा निवला.

आता तो अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि एका लिलावघराच्या तिसऱ्या मजल्यावर बसून जुन्या गाड्यांचं पूर्वायुष्य तपासायचा. गाडी कुठल्या कारखान्यातून कधी निघाली, कुणाकुणाकडे नांदली, कुठल्या शर्यतीत धावली, कुठल्या वळणावर उलटली, आणि इंजिन पहिलंच आहे की मधे कुणी बदललं. लग्नाच्या मुलाची होत नसेल इतकी चौकशी तो एकेका गाडीची करायचा. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्याला ते शोधायचाच पगार मिळायचा. कामात तो चोख होता, फक्त कुठलीही गोष्ट 'बहुधा' लावल्याशिवाय त्याला बोलवत नसे, म्हणून कचेरीत त्याचं नाव बहुधाराव पडलं होतं. धो धो पावसात त्यानं खिडकीबाहेर हात काढला, ओला तळवा पाहिला आणि 'बहुधा पाऊस आहे' असं म्हणाला, अशी एक गोष्ट शिपायानं पसरवली होती, आणि ती बहुधा खरी होती. शनिवारच्या लिलावात सगळ्यांचे डोळे लागले होते ते एका तांबड्या, दोन आसनांच्या इटालियन गाडीवर. तिच्यासारख्या सतरा गाड्या कारखान्यानं काढल्या होत्या. सतराही तितक्याच देखण्या, पण ही घाटशर्यतीत चौथी आलेली, म्हणून तिच्या एकटीची किंमत बाकीच्यांतल्या कुठल्याही दोघींच्या बरोबर. तिच्यावर सहा पानं त्यानंच लिहिली होती, आणि संध्याकाळी पाच वाजता कॅटलॉग छापायला जायचा होता.

त्यानं दार लोटलं आणि गाडीची फाइल जमिनीवर उलगडून बसला. तेवीस कागद. गुडघे कुरकुरले. अगदी वरचा कागद म्हणजे तीन पुस्तकांतल्या शेवटच्या, चकचकीत, दोन हातांनी उचलाव्या लागणाऱ्या पुस्तकाचं पान. त्यात गाडी चौथी आल्याचं लिहिलं होतं आणि खाली आधार दिला होता दुसऱ्या पुस्तकाचा. दुसऱ्यानं आधार दिला होता पहिल्याचा. पहिलं पुस्तक म्हणजे क्लबाच्या एका निवृत्त चिटणिसानं हौसेनं काढलेलं चोपडं, आणि त्यात 'समकालीन नोंदीनुसार' एवढंच होतं. ही समकालीन नोंद कुठली हे तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यानंच परवा, केवळ सहा पानं साजरी दिसावीत म्हणून, वाचनालयाला पत्र घालून ती मागवली होती. ती ओळ छापली तेव्हा शर्यत होऊन चौतीस वर्षं लोटली होती, हे समकालीन म्हणणाऱ्याला कसं कळावं. बाकीचे कागद म्हणजे मासिकांतले लेख, तज्ज्ञांचे दाखले, एका मंडळाचं सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि सगळ्यात खाली, तेविसावा कागद, सहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतः दिलेला अभिप्राय: 'तिन्ही प्रमाण ग्रंथ पाहता चौथी आलेली गाडी बहुधा हीच.' म्हणजे त्यानं एकदा चूक केली, ती जगानं मान्य केली, आणि मग जगाचा हवाला देऊन त्यानंच ती पुन्हा तपासून बरोबर ठरवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही पगारी. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. 

कारण तो फोटो त्याला आता लख्ख आठवत होता. मागच्या बाजूला फोटोवाल्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शेवटचं वळण, चौथी गाडी.' कारखान्याच्या पत्रावरून हेही माहीत होतं की त्या शर्यतीत एकाच रंगाच्या दोन सख्ख्या बहिणींची नावं दिली होती, पस्तीस नंबर आणि सदतीस नंबर, ही सदतीस. दोघी पोचल्या की एक, की एखादी वाटेतच रुसली, याची नोंद उरलेली नव्हती. वर्तमानपत्रानं पहिल्या तिघांचीच नावं दिली होती, चौथ्याला कोण विचारतो. फोटोत गाडीच्या दारावर तिनाचा आकडा स्वच्छ दिसत होता, आणि दुसऱ्या आकड्याच्या नेमका आड एका बघ्याची टोपी आली होती. टोपीच्या वर एक आडवी रेघ तेवढी दिसायची. इंग्रजी पाचाला वर आडवी रेघ असते, साताला असते. तो माणूस जर चार इंच बुटका असता, किंवा उन्हाला न घाबरणारा असता, तर आज ही पाळी आली नसती. दोन महिने त्यानं तो फोटो पाहिला होता, भिंगातून, उलटा, आरशात, आणि दोन महिने त्याच्या वहीत फोटोखालची ओळ 'बहुधा' वर येऊन थांबली होती.

आणि त्याच दोन महिन्यांत त्याचं दुसरंही एक काम अडलं होतं. क्लबात टंकलेखनाला एक मुलगी होती. कचेरी सुटल्यावर ती दोघं समोरच्या बागेत बाकावर बसायची, तो एका टोकाला आणि ती दुसऱ्या, मधे तिसरा माणूस बसेल एवढी सभ्य जागा. रोज तो विचारायचं ठरवून यायचा आणि रोज हवापाण्यावर बोलून उठायचा. एकदा धीर करून त्यानं 'मला बहुधा तुम्ही' एवढं म्हटलं होतं, आणि ती 'मी काय?' म्हणाल्यावर 'बहुधा दमलेल्या दिसता' असं संपवलं होतं. त्या दिवशी अंक छापायला जायचा होता, म्हणून त्यानं तो फोटो पाकिटातून काढला आणि पाच की सात, हे तिला विचारलं. तिनं क्षणभरही वेळ लावला नाही. 'सात,' ती म्हणाली, 'उघड सात आहे.' तो थक्क झाला. इतकं खात्रीनं बोलणारं माणूस त्याच्या घरात, नात्यात, शाळेत कधी झालं नव्हतं. त्याचे वडील दाराची कडी लावून पुन्हा तीनदा येऊन ओढून पाहायचे. त्यानं तिथंच मांडीवर वही धरून 'बहुधा' वर काट मारली, वाक्य लिहिलं, पूर्णविराम दिला, आणि त्या पूर्णविरामाच्या जोरावर, पेनचं टोपण लावायच्या आत, तिला लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली. तेव्हापासून, वरिष्ठ डाफरले, बढती दुसऱ्याला गेली, लेक त्याला न विचारता दूर देशी नोकरीला गेली, तेव्हा तेव्हा तो मनाशी म्हणायचा, एकदा तरी आपण ठामपणे वागलो. वाक्य कुठलं ते विसरला होता, पण ठामपणा जपून ठेवला होता, पेटीच्या तळाशी लग्नातला कोट ठेवावा तसा. आज तो कोट बाहेर आला होता आणि दिवाणखान्यात सगळ्यांसमोर झटकायचा होता.

जेवायच्या सुटीत तो घरी गेला. घर चालत वीस मिनिटांवर. तो बारा मिनिटांत पोचला आणि जिन्यात दम घेत उभा राहिला. बायकोची शाळेतली नोकरी सकाळची, म्हणून ती दुपारी घरी असायची. ती स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला गेलेला दिवा बदलत होती.

"आज कसे आलात? बरं नाही का?"

"बरं आहे. बहुधा. खाली उतर जरा. तुला हा फोटो आठवतो?"

ती उतरली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि कागद खिडकीपाशी नेला. "हा होय. बागेत दाखवला होतात."

"तू म्हणालीस, सात."

"म्हणाले असेन."

"असेन नाही, म्हणालीस. उघड सात आहे, म्हणालीस. कशावरून म्हणालीस?"

तिनं चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला, घरात इतक्या वर्षांत न फुटलेली एखादी बरणी आता फोडावी की नाही अशा विचारात. "अहो, मला त्यात गाडीसुद्धा दिसली नव्हती," ती म्हणाली. "मला तेव्हा उणे चार नंबर होता. चष्मा पर्समध्ये. तुमच्यासमोर लावत नव्हते मी, लग्नाआधी कोण लावतं? आणि बोटांचे ठसे उमटतील म्हणून तुम्ही फोटो माझ्या हातात दिलाच नाहीत. तिकडे तुमच्या टोकाला धरून बसलात. मला एक करडा चौकोन दिसला."

"मग सात का म्हणालीस?"

"काहीतरी म्हणायला नको का कुणीतरी? दोन महिने पाच की सात, पाच की सात. मला वाटलं, हे एकदा आटपलं तर पुढचं बोलाल."

तो स्टुलावर बसला. तेवीस कागद, तीन ग्रंथ, सोनेरी शिक्का, आणि सगळ्यांच्या मुळाशी एका मुलीचा पर्समध्ये राहिलेला चष्मा. गाडीचं दुःख त्याला त्या क्षणी फारसं झालं नाही. त्याला वाईट वाटलं ते निराळ्याच कारणानं. बाकाच्या त्या टोकावरून तिला फोटो करडा चौकोन दिसत होता, तर फोटो धरणारा तरी काय दिसत असेल? आपल्याला हो म्हणणारी बाई आपल्याला बघून हो म्हणाली असं तो तेहतीस वर्षं धरून चालला होता. याची फाइल त्यानं कधी तपासलीच नव्हती.

"मग मी तरी दिसलो होतो का तुला?"

ती हसली नाही, याबद्दल त्याला नंतर फार बरं वाटलं. "तुम्ही वही मिटलीत आणि सरकून जवळ आलात," ती म्हणाली. "जवळचं दिसायचं मला. चांगलं दिसलात. कानाला शाई लागली होती." मग तिनं त्याला स्टुलावरून उठवलं, कारण दिवा अजून बसवायचा होता, आणि तो तिनं त्यालाच बसवायला लावला.

परत जाताना तो रमत गेला. रस्ता रोजचाच, तीच छत्र्यांची दुकानं, तोच बँकेचा जिना, पण आज त्याला प्रत्येक पाटीवर कुणी काय बघून लिहिलं असेल असं वाटत होतं. 'स्थापना' म्हणून सालं लिहिलेली, 'अस्सल', 'एकमेव'. कुणीतरी कधीतरी कुणाला तरी घाईत विचारलं असणार, आणि कुणीतरी, पुढचं बोलणं व्हावं म्हणून, उत्तर दिलं असणार. पुतळ्याखाली लिहिलेली जन्मतारीखसुद्धा त्याला संशयास्पद वाटली. या विचारानं भीती वाटायला हवी होती. पण आपण एकटेच नाही, सगळं गावच टोपीमागचा आकडा वाचत बसलंय, हे कळल्यावर त्याची चाल जरा मोकळी झाली. कुणालाही न दुखवता गप्प राहता येईल का, असाही विचार आला. येणार होतं. सहा पानं तयार होती, पाच वाजता ती गेली की गेली, आणि वाचनालयाची झेरॉक्स त्याच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. हा विचार त्याच्याबरोबर लिलावघराच्या दारापर्यंत आला, दोन पायऱ्या वर चढला, आणि मग, त्याला अजून नीट सांगता येणार नाही का, तिथंच राहिला.

विभागप्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या कर्तबगार होत्या आणि त्यांची जीभ कापसात गुंडाळलेल्या सुरीसारखी होती. "म्हणजे एका बाजूला तीन ग्रंथ," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या मिसेसचा चष्मा."

"चष्मा नव्हता, हेच तर सांगतोय."

"त्याला पुरावा?"

 आपण अंदाज केला होता याला पुरावा त्याच्याकडे नव्हता. गाडी चौथी आली याला तेवीस होते. हाच प्रश्न त्यानं आजवर शेकडो लोकांना विचारला होता, आणि समोरच्याच्या तोंडावर उमटणारं बावळट दुःख त्याला कधी समजलं नव्हतं. "मी लिहिलं ते," तो म्हणाला. "माझ्या हातानं."

"तुम्ही सहा वर्षांपूर्वी लेखी अभिप्रायही दिलाय. त्यात होकार आहे." बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. मग त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "असं करा ना. त्या वाक्यात तुमचं ते 'बहुधा' घाला. 'बहुधा चौथी.' तुम्हीही सुटलात, आम्हीही सुटलो. इतकी वर्षं तुम्ही ते घालता तेव्हा मी काढत असते, आज मीच म्हणते घाला."

त्याला ते फार गोड वाटलं. इतकं गोड की तोंडात पाणी सुटलं. पण बहुधा म्हणजे झुकतं माप, आणि हे माप कुठंच झुकत नव्हतं. पाच आणि सात टोपीमागं अगदी सारखे उभे होते. "नाही," तो म्हणाला, "बहुधासुद्धा नाही. 'शर्यतीत उतरली होती का, याची नोंद नाही', एवढंच छापा." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मतभेद असा त्या दोघांत आजवर झाला नव्हता, कारण मतभेदाला दोन मतं लागतात. "मजकूर बदलायचा तर गाडीच्या मालकाची सही लागते," त्या शेवटी म्हणाल्या. "नियमच आहे. डॉक्टर खाली तळघरातच आहेत, गाडीपाशी. घ्या सही. दिली तर छापते. आणि शनिवारी पडलेल्या भावाचं उत्तर तुम्ही द्यायचं वरच्या मजल्यावरच्या साहेबांना."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, निवृत्त, ऐंशीच्या घरातले. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी दवाखान्याची वरची जागा विकून ही गाडी घेतली होती, ती त्या चोपड्यातली ओळ वाचून. दर वर्षी शर्यतीच्या तारखेला ते ती गाडी घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर जात, वर पोचल्यावर उतरून तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहत, आणि ओळखीतल्या सगळ्यांना त्या रात्रीचं जेवण देत. बायको होती तोवर ती म्हणायची, माझा वाढदिवस विसरतात, हिचा चौथा नंबर नाही विसरत. ती गेल्यावर गाडी राहिली. आता गुडघे वाकत नव्हते. मागच्या वर्षी टेकडीवर दोन गुराख्यांनी बगलेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं होतं, आणि मुलीनं मग निक्षून सांगितलं की विका. तळघरात दिव्याच्या झोतात गाडी उभी होती, तांबडी, पुसूनपासून लखलखीत, आणि डॉक्टर शेजारी एका लाकडी खुर्चीवर बसले होते, इस्पितळात आपल्या माणसापाशी बसावं तसे. पेट्रोलचा, मेणाचा आणि जुन्या कातड्याचा वास येत होता. त्या वासाबद्दल त्यानं पंचविसाव्या वर्षी किती खात्रीनं लिहिलं होतं.

"या," डॉक्टर म्हणाले. "वाचली मी तुमची सहा पानं. घाटाचं फार सुरेख लिहिलंय. मी हिलाही वाचून दाखवलं."

त्यानं सांगितलं. उभ्यानंच, सगळं, फोटो, टोपी, बाक, चष्मा, काही न गाळता. बोलताना त्याला डॉक्टरांकडे बघवेना, म्हणून तो गाडीकडे बघत बोलला, आणि मग तिच्याकडेही बघवेना म्हणून फरशीकडे. डॉक्टर मधे एकदाही बोलले नाहीत. पन्नास वर्षं लोकांनी तोंड उघडं ठेवून त्यांचं ऐकलं होतं. ऐकणं हे त्यांना बहुतेक नवीनच होतं. 

"म्हणजे ती नव्हती त्या फोटोत?"

"असेलही. नसेलही."

"तुम्ही एवढे त्यातले. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला काही अर्थ नाही, डॉक्टर. एकदा वाटलं होतं, त्यानंच हे झालं."

डॉक्टरांनी हात लांब करून दारावर ठेवला, जिथं कधीतरी कुठलातरी आकडा रंगवलेला असणार तिथं.  "मग त्या दिवशी ती होती कुठं?" त्यांनी विचारलं, आणि हे त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं की जणू मुलगी रात्रीची घरी आली नव्हती.

त्याच्या जिभेवर नेहमीची सगळी वाक्यं आली. बहुधा कारखान्यात, बहुधा वाटेत, बहुधा घाटाच्या पायथ्याशी बॉनेट उघडून. म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप लागेल असं त्यातलं एखादं सहज देता आलं असतं. तीस वर्षांनी ते कुठल्यातरी पुस्तकात छापूनही आलं असतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

 डॉक्टरांनी कागद मागून घेतला, गुडघ्यावर ठेवला, पेन मागितलं, आणि सही करण्याआधी गाडीकडे पाहत म्हणाले, "सव्वीस वर्षं मी हिला त्या घाटाबद्दल सांगतोय. एकदासुद्धा नाही म्हणाली नाही हो."